रिकाम्या ओळीचा आळ

पासवर्डचं काय सांगता राव, आमच्या सुनंदाबाईंची नोकरी एका रिकाम्या ओळीपायी जाणार होती! साखर कारखान्यात नुकता कॉम्प्युटर आलेला, आणि त्यात दुष्काळ. ऊस उभ्या उभ्या वाळत होता, म्हणून कुणाचा आधी तोडायचा यावर सगळ्यांचा डोळा. तो क्रम बाई कॉम्प्युटरवर लावायच्या. पासवर्ड फक्त त्यांच्याजवळ.

एका सकाळी बघतो, तर नळदुर्गकडच्या शेतकऱ्यांची पाळी मागं गेलेली आणि एका संचालकाच्या पाहुण्यांची पुढं आलेली.

एमडी साहेब लई खवळले. "बाई, किल्ली तुमच्याजवळ. मग दार कुणी उघडलं?"

"मी न्हाय केलं साहेब. लेकरांची शपथ."

"राजीनामा लिहा," म्हणत साहेब टेबलावर रेलले आणि त्यांचं कोपर एंटरवर पडलं. कॉम्प्युटर नाव विचारत होता. नाव न टाकताच, पासवर्डही न मागता तो सगळ्या अधिकारांसकट उघडला!

कॉम्प्युटर बसवून गेलेल्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. वापरणाऱ्यांच्या नावांच्या फायलीत त्याच्याकडून एक ओळ रिकामी राहिली होती. मशीन त्या बिननावाच्या ओळीलाच सगळ्यात मोठा साहेब समजत होतं. म्हणजे कुणीही आत शिरू शकत होतं. कोण शिरलं, ते शेवटपर्यंत कळलं न्हाय.

पाळ्या पुन्हा नीट लागल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडले, "बाई, चुकलं माझं. आता नवीन पासवर्ड तुम्हीच ठेवा."

बाई म्हणाल्या, "दोघांजवळ असू द्या साहेब. पुन्हा आळ आला, तर निम्मा तुमच्यावर येईल."