गुलाबांच्या जागी

बायको : कोर्टासाठी घातलेल्या त्या कोटाची बटणं नंतर लावा. आधी मागच्या अंगणात चला.

शिंपी : त्या अंधाऱ्या पट्टीत? शेजाऱ्याच्या नव्या मजल्यानं ऊन अडवलं आणि गुलाब वाळले, तेव्हापासून मी तिथं पाय ठेवलेला नाही. त्या मजल्यावर हातोडा पडेपर्यंत ठेवणारही नाही. आज न्यायाधीशांपुढे हेच सांगायचंय.

बायको : सांगा हो, खुशाल सांगा. पण आधी बघा.

शिंपी : काय बघू? उशीर होतोय.

बायको : मला नाही सांगता येत. चला ना!

(दोघं घरामागे येतात. शेजारच्या नव्या मजल्याची सावली अंगणभर पडली आहे.)

शिंपी : हं. बघितली माती. झालं समाधान? ...अगं, हे कुणी टाकलं इथं?

बायको : टाकलेलं नाही. हात लावून बघा, उगवलंय.

शिंपी : कशावर उगवलंय? ना देठ, ना पान. मातीला भेग आणि त्यातून एकदम फूल?

बायको : कपडे वाळत घालायला आले, तर वाटलं रुमाल पडलाय. उचलायला गेले आणि हात तसाच राहिला.

शिंपी : थांब, चष्मा लावू दे. ...बाप रे.

बायको : मी उगाच हाका मारत नव्हते.

शिंपी : जन्मभर कापड हाताळलं मी. मलमल, रेशीम, नवरीचे झगे. पण हे काय आहे? मागं बोट धरलं तर इकडून दिसतंय. आणि हा जांभळा बघ, कडेला गडद आणि आत जाताजाता पांढऱ्यात विरलाय. कुठे शिवण नाही की टाका नाही.

बायको : वास घ्या.

शिंपी : कोटाला माती लागेल.

बायको : लागू दे.

शिंपी : (गुडघे टेकून फुलाचा वास घेतो.) अगं!

बायको : कसा आहे?

शिंपी : थांब गं, अजून एकदा घेऊ दे.

शेजारी : काका, माफ करा. भिंतीवरून डोकावतोय. भांडायला नाही आलो.

शिंपी : तुमच्याशी काय बोलायचं ते कोर्टात.

शेजारी : मीही तिकडंच निघालोय. पण वरच्या खिडकीतून ते दिसलं आणि तसाच जिना उतरून धावत आलो. काकू, भुईचाफा आहे ना तो?

बायको : भुईचाफा? तू ओळखतोस?

शेजारी : मी लहान असताना ही सगळी जमीन जांभळी व्हायची. तेव्हा इथं दाट झाड होतं. तुमच्या आधी राहायच्या त्या बाईंनी त्याच्या सावलीत लावला होता. आई मला कडेवर घेऊन या भिंतीशी उभी राहायची. म्हणायची, आता बडबड नको, नुसतं बघ. मग झाड गेलं आणि हाही गेला.

शिंपी : झाड मी पाडलं. गुलाबांना ऊन हवं म्हणून.

शेजारी : माहितेय. आई त्या दिवशी जेवली नव्हती.

शिंपी : मग बोलल्या का नाहीत मला?

शेजारी : झाड तुमचं होतं ना, काका.

बायको : पण इतकी वर्षं हा होता कुठे?

शेजारी : इथंच. गड्डा जमिनीखाली असतो. फूल आधी येतं, पानं मागून, पावसाळ्यात. गुलाबांच्या बुडाशी लांबट पानं यायची का? पाठीमागून जांभळट?

शिंपी : यायची. तण म्हणून दरसाल उपटायचो मी. मुळासकट निघत नाहीत म्हणून वर शिव्याही घालायचो.

बायको : आणि गुलाब गेल्यावर तुम्ही रुसून बसलात. मग उपटणार कोण?

शिंपी : मी रुसलो नव्हतो.

बायको : बरं, नव्हतात.

शिंपी : म्हणजे हे त्या मजल्याच्या सावलीनं वर आणलं?

शेजारी : त्याचं श्रेय मला नको. लेकीसाठी मजला चढवला, तेव्हा तुमच्या उन्हाचा विचार मनात आला नाही. चुकलंच माझं. न्यायाधीश सांगतील ते करीन. फक्त एक विनंती आहे. हे फूल एकच दिवस टिकतं. कोर्टातून परत येईस्तोवर मान टाकेल. मला जवळून बघू द्याल? भिंतीवरून उतरतो, लगेच परत जातो. आई हवी होती आज.

बायको : अहो, ऐकताय ना? कोर्टात आज काय मागणार आहात? ऊन?

शिंपी : रोज मी इथं पाणी घालायचो, खत घालायचो. आणि पायाखाली हे पडून होतं. एवढं देखणं! मला पत्ता नाही. मी ओरबाडत राहिलो, तरी ते मेलं नाही. काय म्हणायचं याला?

बायको : काही म्हणू नका. वकिलांना काय सांगू, तेवढं बोला.

शिंपी : सांग, आज येत नाही. पुढच्या तारखेलाही नाही. गुंडाळा म्हणावं सगळं.

शेजारी : काका... मग मी येऊ?

शिंपी : भिंतीवरून नको रे! फाटकातून ये. आणि चपला काढून, पाय जरा जपून टाक. अजून कुठं कुठं असतील, कोण जाणे.