चार खात्यांची एक चूल

—तिथं नका बसू मॅडम, माशाचं रगत उडंल. या खुर्चीव बसा, पंख्याखाली. मी हात धूत नाय आता, अजून दोन जिताड्यांची मुंडकी उडवायची हायेत — पावणे गावातनं नवरदेवाची मानसं उष्टी हलद घेऊन येतील, आनि त्यांच्या ताटात जिताडा नसला तं जलमभर बोलतील. हाव, हलदच हाय. माज्या सुनेची, निशिगंधाची. मांडव बघून तुमी थबकल्या ते बघितलं मी. सासू सुनेचं लगीन लावते — अख्ख्या उलव्याला नवल वाटलं. गावकीत म्हातारे बोलले, सुमित्राबाई, घरची सून दुसऱ्याच्या घरी कशी देतेस? मी बोलली, माजा पोऱ्या मेला, आता ती सून नाय, लेक हाय, आनि लेक मी देनार.

आता परत सांगा, डीजेवाला मशिन वाजवून बघतोय, मना नीट ऐकू नाय आलं. दिल्लीत कायदा झाला — परदेशाचं बघनारी चार खाती व्हती, ती मोडून एक केलं. बरं केलं. आमच्या घरात पन चार जावांच्या चार चुली व्हत्या, सासऱ्यानं एक केल्या, आनि पयल्याच दिवशी कललं कुनाच्या डब्यात किती सुकट दडवलीय. तसंच झालं ना तुमचं? एका खात्यात आमचा हरेश मेलेला — कामगारांच्या छावनीला आग लागली, त्यात जलाला, असं त्या खात्यानंच आमाला कलवलं — आनि दुसऱ्या खात्यात उलव्याचाच हरेश, त्याच देशात, जेलात बसलेला. इतके दिवस याचं त्याला ठाव नाय. मग कायदा आला, दोन टेबलं एका खोलीत आली, तुमी त्या बाजूच्या बाईसंग डबा खायला बसल्या, आनि बोलता बोलता — अगो, माज्याकडं पन उलव्याचा हरेश! वा. भाजी-चपाती खाता खाता माजा पोऱ्या जिवंत केला तुमी.

रडत नाय मी. माशाचं पानी उडालं डोल्यात.

पन तो माजा नाय मॅडम. माजा मेला. मढं नाय भेटलं म्हनून भटानं दर्भाचा पुतला केला, धाकट्यानं, प्रीतमनं, त्याला आग दिली. दहाव्याला पिंड ठेवला तं कावला लगेच शिवला — माज्या सासऱ्याच्या वेलेला दुपारपर्यंत झुलवलं व्हतं कावल्यानं, आनि याचा ठेवला न् उचलला. ज्याच्या पिंडाला कावला शिवला तो जिवंत कसा असंल, तुमीच सांगा. नाव सारखं असतं. हरेश आमच्यात घरटी एक हाय. आनि ती जुनी जखम म्हनाल — तं कोयत्यानं खांदा फाटलेला मानूस दुनियेत एकटा माजाच हाय काय?

...काय? खांदा तुमीच बोलल्या ना? — नाय बोलल्या? फकस्त जखम बोलल्या?

बरं.

खुर्ची मागं ओढू नका. कोयता माशासाठी हाय. आनि त्याच्यासाठी पन ह्योच व्हता, आता लपवू कनाला. डावा खांदा, मी मारला. भातात खडा लागला म्हनून त्यानं निशिगंधाचा हात उंबऱ्याव ठेवला आनि वरून पाय दिला — सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग केस धरून पान्याच्या पिंपात तिचं तोंड घातलं. बाहेर काढायचा, जरा श्वास घेऊ द्यायचा, परत घालायचा, आनि हसत व्हता. प्रीतम मधी पडला तं त्याचे दात पाडले. पोरीचे पाय हलायचे थांबले तवा मी कोयता उचलला. मान बघून मारला व्हता मॅडम. पोटच्या पोराची मान. तो वलला म्हनून खांद्याव बसला. टाके पडल्याव मना बोलला, आये, आता जातो, पन परत येऊन आदी तिला कापीन, मग तुला. आनि तो बोललेलं करतो. तिकडं पन कुनाचं पोट फाडलं म्हनूनच आत गेला ना — दोन? दोन मानसं?

मेल्याचा निरोप आला तवा मी लोकांदेखत छाती बडवली, खरंच बडवली, दूध पाजलंय त्याला. आनि मग मोरीत जाऊन, तोंडात पदर कोंबून, हसली. आईला असं व्हतं काय? मना झालं.

फोन कनाला पुढं करता? लायनीव हाय तो — आता? म्हंजे ते सोडतायत त्याला, आनि मी आवाज वलखला की तुमी त्याला विमानात बसवनार. आदी तिकडं बघा, मांडवात, पाटाव बसलीय ती. तिचं मनगट वाकडंच जुललं, बांगडी चढत नाय. तं धर्मराज — नवरा — कासाराकडं जाऊन मोठ्या मापाच्या घेऊन आला. नुसत्या तिच्यापुढं ठेवल्या. आज ती पयल्यांदा मोठ्यानं हसलीय या घरात.

आना. माजे हात भरलेत, तुमीच धरा कानाला.

हं... हं... कोन रे तू? ...नाय बाबा. माजा हरेश जलून मेला. कावला शिवला त्याला. ...नाय. तू दुसऱ्या कुनाचा असशील.

बंद करा.

आये, आये, एवढंच बोलला. लानपनी गुडघा फुटला की बोलायचा तसं. — लिवा तुमी. आईनं वलखलं नाय. आनि आता उठा मॅडम, जा, मना अजून एकाची मान तोडायची हाय.