शून्य फूट पाणी

कॉलेजातल्या प्रोजेक्टचं नाव काढलं का मले आमचे भूगोलाचे सर आठवतात अन् चहा कडू लागते. बी.ए.च्या शेवटल्या वर्षी त्यायनं विहिरींचा प्रोजेक्ट देला. दर रविवारी दोरी सोडून पाणी मोजायचं अन् वहीत लिहायचं. मले अन् वर्गातल्या सुदामले आमच्याच घरची विहीर आली. सर आमच्याच घरी भाड्यानं राहत. त्यायचा माठ रोज माही आई भरून ठेवे.

सुदामनं घरी बसून सगळी वही एका दिवसात भरली, शेवटपर्यंत बारा फूट पाणी. मी दोरी सोडत गेलो. होळीच्या आधीच विहीर आटली, तं मी शून्य लिहीत गेलो. आई दूरच्या नळावरून पाणी आणू लागली, अन् सरले पत्ताही नाही.

सरनं माही वही फेकली. "शून्य म्हणजे तू मोजलंच नाही. सुदामचं पाह्य, कसं साफ काम आहे." त्याच्या वहीवर सही ठोकली अन् मले नापास केलं.

मी घरी येऊन आईले सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर रिकामी बालटी घेऊन दारात उभे.

"वहिनी, आज पाणी काहून नाही भरलं?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विहिरीत बारा फूट आहे ना, सर. तुमचीच सही आहे. दोरी तिथंच हाये."

अन् सांगतो, त्या माणसानं खरंच विहिरीत बालटी सोडली.