आधी ‘खाली’, मग झाड

(बीड. पंचशीला मॅडमचं घर. त्यांची जुनी विद्यार्थिनी रोहिणी आणि तिची आई साखराबाई पेढे घेऊन आल्या आहेत.)

साखराबाई : पास झाल्याचं कळलं तवा हिच्या तोंडातून आदी तुमचंच नाव निघालं, बाई. आमचं न्हाई.

पंचशीला : नर्सिंगची तोंडी परीक्षा अवघड गेली म्हणालीस ना फोनवर?

रोहिणी : लई. सगळं इंग्रजीत. साखरेच्या पेशंटला इन्सुलिन कुठं देणार, इचारलं. मला येत होतं, मॅडम. पण तोंडातून गेलं ‘स्किन अंडर’. बाजूची पोरगी फिसकन हसली.

पंचशीला : अगं बाई! मग?

रोहिणी : मग माळावर ठोकलेलं आपलं पाल आठवलं. मेंढरं बाभळीखाली बसलती आन् तुमी समजावत होत्या. मराठीत ‘खाली’ झाडाला मागून चिकटतं, इंग्रजीत ते आधी येऊन उभं राहतं. ‘अंडर द ट्री’.

पंचशीला : आणि तू महिनाभर ‘ट्री अंडर’च म्हणत होतीस.

रोहिणी : तेच तर! म्हणलं, सॉरी मॅडम, ‘अंडर द स्किन’. परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणल्या, बरोबर, पुढं. मग ‘जेवणाआधी’चं ‘बिफोर फूड’ बी नीट आलं.

साखराबाई : मला त्यातलं काई कळत न्हाई. पर दहावीला ही इंग्रजीत नापास झाली, तवा हिच्या बापानं सोयरीक बघायला घेतलती. तुमी उमापूरच्या शाळेतून चालत पालावर आल्या. म्हणल्या, म्हाळूभाऊ, एक डाव परीक्षा देऊ द्या, मी शिकवते. कोण करतंय एवढं?

पंचशीला : म्हाळूभाऊ थांबले, हे त्यांचं मोठेपण.

साखराबाई : न्हाई बाई. उपकार तुमचेच.

पंचशीला : मलाही तुम्हाला काही सांगायचं राहिलंय. तेव्हा मी गावात नवी होते. आडनाव कळलं, की लोक खोली द्यायला मागेपुढे बघायचे. एका घरी चहा मिळाला. बाहेर ओट्यावर, निराळ्या कपात. बदली मागायची, असं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

रोहिणी : कधी बोलल्या न्हाईत, मॅडम.

पंचशीला : तुझ्याकडे आले त्या पहिल्या संध्याकाळी तुझ्या आईनं मला चुलीपाशी बसवलं. स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून दिली. घरी जाताना ठरवलं, इथंच राहायचं.

रोहिणी : आये, तुला म्हाईत होतं हे?

साखराबाई : मला कुठनं म्हाईत आसंल? थंडी लई होती. बाई काकडत होत्या, म्हणून म्हणलं, हिकडं सरा.