पालक २

शेफाली : नाही हो आजोबा, शाळेचं ॲप व्यवस्थित चालू आहे. माझ्या वर्गातल्या बाकी मुलांच्या पानांवर रोज काही ना काही येतंय.

दीनानाथ : मग आमच्या तनयाच्या पानावर दिवाळीपासून एकच हत्ती का उभा आहे? रोज सकाळी चहा घेऊन उघडतो, तर हाच. आता तो मला ओळखायला लागलाय.

शेफाली : तनयाचे आजोबा म्हणजे... रोज गेटवर न्यायला येता ते ना? आवाज वेगळा वाटतोय.

दीनानाथ : ते वाघोलीतले. तिच्या आईचे वडील. मी कर्वेनगरचा, बापाचा बाप. मधे अख्खं पुणं आहे, आणि मुलगा म्हणतो ट्रॅफिक.

शेफाली : ओह, सॉरी.

दीनानाथ : तुम्ही कशाला सॉरी? मुलानं भेटीच्या बदल्यात लॉगिन दिलंय ना. म्हणाला, बाबा, तिचा निबंध, चित्रं, कविता म्हटलेली, सगळं घरबसल्या बघा. डिजिटल पोर्टफोलिओ. आमच्या वेळी पोर्टफोलिओ फक्त मंत्र्यांना असायचा.

शेफाली : खरं सांगू? तनयाच काही टाकत नाही. आपलं चांगलं काम मुलांनी स्वतः निवडायचं असतं. ती म्हणते, कशाला टाकू, कुणी बघतच नाही.

दीनानाथ : कुणी बघत नाही? प्रत्येक पानाखाली लिहिलंय मी!

शेफाली : तुमची एकही कमेंट दिसत नाही, आजोबा. आईबाबांचीही नाही.

दीनानाथ : हत्तीच्या खाली बघा.

शेफाली : इथे फक्त... ‘पालक २ : पाहिले.’ हे तुम्ही?

दीनानाथ : नाही, हत्तीनं लिहिलंय.

शेफाली : अहो, मला वाटायचं ते ॲपच टाकतं! मेसेज वाचला की निळी टिक येते, तसं. तनयानं विचारलं होतं, पालक २ कोण.

दीनानाथ : मग? काय सांगितलंत?

शेफाली : ...की कुणी नाही. आपोआप येतं.

दीनानाथ : बाई, मी कसब्यातल्या शाळेत मराठी शिकवलं. चूक असली की लाल शाईनं भांडायचं. चूक नसली की नुसतं ‘पाहिले’ आणि खाली सही. पोरं ती वही नाचवत घरी न्यायची. याहून वरचा शेरा आमच्याकडे नव्हता.

शेफाली : पण हे तिला कसं कळणार? फोनवर कधी बोलला नाहीत?

दीनानाथ : फोन मुलाच्या खिशात, मुलगा मीटिंगमध्ये. रविवारी फोनवर येते ती. ‘हाय आजोबा, बाय आजोबा.’ मधे काही घालायला जागाच नसते.

शेफाली : एक करा. मुलं आत्ता टॅब घेऊनच बसलीत. असं काहीतरी लिहा, जे ॲप लिहिणार नाही.

दीनानाथ : म्हणजे ‘खूप छान’? ते हल्ली ॲपच लिहितात.

शेफाली : मग चूक काढा!

दीनानाथ : चूक नाही त्यात. ...तसे पाय तीनच आहेत. सोडून दिलं होतं. नात आहे.

शेफाली : तेच लिहा.

दीनानाथ : थांबा, हे बोट नीट पडत नाही... ‘हत्तीचा चौथा पाय कुठे गेला?’ गेलं.

(शाळेकडून वर्गाचा गलका ऐकू येतो.)

शेफाली : आजोबा, आलं उत्तर! ‘तो पायावर बसलाय. पण तुम्ही कोण?’

दीनानाथ : कोण, असं विचारलंय?

शेफाली : रागानं नाही हो. मान वर करत नाहीये, वाट बघतेय. लिहा ना.

दीनानाथ : लिहिलं. ‘आजोबा.’ पुढे कंसात ‘कर्वेनगर’ घातलंय. नुसतं आजोबा म्हटलं, तर तिला वाघोलीचे वाटायचे.