आईची न सुटणारी गाठ

लेक : रागावू नकोस आई, पण तुझी ती गाठ गाठच नाहीये.

आई : काहीतरी बरळू नकोस. ती सुटत नाही हे मी सिद्ध केलंय. गणिताच्या नियतकालिकात छापून आलंय, तुझ्या जन्माआधी!

लेक : तेच गणित पुन्हा मांडून पाहिलं. इथे बघ. उणे हवं होतं, तू अधिक धरलंस.

बाबा : अगं, आल्या आल्या आईला कशाला डिवचतेस? पाणी तरी पी.

आई : थांबा हो. बघू... हे इकडे, ते तिकडे... अगंबाई! उणेच की!

बाबा : म्हणजे सुटते?

आई : तसं कुठे म्हणाले मी? माझी सिद्धता कोसळली, एवढंच. सिद्धता पडली म्हणून गाठ सुटत नसते. दोरी आणलीस का गं?

लेक : ही काय. अगदी तुझ्या आकृतीसारखी गुंतवून टोकं जोडलीत.

बाबा : टोकंच चिकटवली, तर सुटणार कुठून?

लेक : बाबा, टोकं मोकळी असली तर कुठलीही गाठ सुटते. आमची गाठ म्हणजे बंद कडं. कापायचं नाही, दोरीतून दोरी आरपार न्यायची नाही. बाकी ताणा, वळवा, उलटवा. शेवटी साधं गोल कडं झालं, तर ती गाठ नव्हतीच!

आई : हे सगळं करून झालंय माझं. जिथे हात घालावा तिथे अडते.

लेक : कारण तू दर वेळी गुंता कमी करायला बघतेस. आधी वाढव.

आई : वाढवू?

लेक : हा फेरा उचल, त्या दोन फेऱ्यांवरून पलीकडे टाक.

बाबा : झालं! होता त्याहून विचका.

आई : गप्प बसा जरा... अगं, हा पीळ! हा सैल झाला! सोड, तू हात लावू नकोस, मी करते.

लेक : आई, हळू...

आई : हळू काय हळू! हे खालून घेतलं... हा वेढा निसटतोय, बघ, बघ! अहो, तिकडची बाजू धरा, नुसते बघत काय बसलात!

बाबा : धरली. ओढू?

आई : ओढा!

(टेबलावर दोरीचं एक मोठं, साधं कडं.)

बाबा : सुटली की हो!

आई : सुटली! आणि मी वर्गावर्गातून छातीठोकपणे सांगत आले, ही सुटायची नाही म्हणून!

लेक : मला वाटलं, तू रडशील. येताना गल्लीच्या कोपऱ्यावरूनच परत फिरणार होते.

आई : वेडी कुठली! उद्या विभागात मीच सांगणार. चुकलं, आणि बघा काय झकास चुकलं!

लेक : मग याच्या नव्या लेखावर दोघींची नावं घालू.

आई : छे. तुझं एकटीचं. आधी वाढवायचं, हे मला नाही गं सुचलं.

बाबा : बरं, टेबल मोकळं करू का? पानं वाढायचीत.

आई : राहू दे ते तसंच. आज खाली बसून जेवू.