आत एकालाच

बाळाला डोस द्यायला मी दवाखान्यात थांबले होते. समोरच्या बाकावर एक गरोदर मुलगी बसली होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला थोरली बहीण.

"आत एकालाच सोडतात. आज मी जातो, ताई."

"दर वेळी मीच जाते, जावईबापू."

"म्हणूनच तर! ठोके पहिल्यांदा तुम्ही ऐकलेत. पहिली लाथसुद्धा तुमच्याच हाताला लागली."

"मग? मी काय बाळाला निरोप धाडला होता?"

"मी रोज पोटाला कान लावून बोलतो, तर ढिम्म हलत नाही. तुमचा फोन आला की आत नुसता धिंगाणा!"

"अहो, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. मी काय फक्त पर्स सांभाळायला येतो?"

"बरं, डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत, तर काय सांगाल?"

"लोहाच्या. लाल."

"लाल कधीच बदलल्या! बघ गं, हा तुझा नवरा."

"बाहेर बसून कसं कळणार, ताई?"

नर्सनं दार उघडलं. "चला. सोबत एकानंच या."

मुलीनं नवऱ्याच्या मांडीवरची पर्स उचलून बहिणीकडे दिली.

"ताई, आज तू सांभाळ."

दार लागलं. बहीण पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग तिचा फोन वाजला.

"नाही, ते दोघं आत गेलेत. मी बाहेरच आहे... आता कशाला वर येताय? माझ्या दोन्ही वेळेला खाली गाडीतच बसलात ना? आजही बसा."